नऊ वर्षांचा रिकामा डबा

श्रीवर्धन सोडून मुंबईला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात चारशे बारा वस्तू होत्या. हा आकडा अंदाजाचा नाही. दोन दिवस घालवून मी मोजदाद केली होती. सुया, खिळे आणि चमचे त्यात धरलेले नाहीत. पाटा आणि वरवंटा मिळून एक धरला आहे.

मी सुपारीच्या वखारीत कारकून होतो. मालकांनी मुंबईला दुसरी वखार काढली आणि तिथलं वजनमाप माझ्याकडे सोपवलं. राहायला खोली मिळाली ती दहा बाय बारा फुटांची, तिसऱ्या मजल्यावर. त्यातून मोरीचा कोपरा वजा करायचा. श्रीवर्धनचं घर भाड्याचं, ते मोकळं करून द्यायचं होतं. पाऊस जवळ आला की आगबोटी बंद होतात, म्हणून वैशाखातली एक बोट धरणं भाग होतं. मी अंगणात चुन्याने खोलीचा खऱ्या मापाचा चौकोन आखला आणि त्यात बायको, दोन मुलं आणि ट्रंक उभी करून पाहिली. माझ्या हिशेबाने आणखी शहाण्णव वस्तू मावत होत्या, ट्रंक धरून. म्हणजे तीनशे सोळा वस्तूंना निरोप द्यायचा होता.

कागदावर मी तीन रकाने आखले: नेणे, देणे, टाकणे. बायकोने कागद हातात घेऊन नीट पाहिला.

"चौथा राहिला," ती म्हणाली.

"कोणता?"

"बघू."

"बघू असा रकाना नसतो."

"मग ही खवणी कुठे लिहू? नेऊ म्हटलं तर तुमचे शहाण्णव भरलेत. देऊ म्हटलं तर तिकडे नारळ कशाने खवू, तुमच्या फूटपट्टीने?"

चौथा रकाना आखावा लागला. आठ दिवसांनी बेरीज केली ती अशी: नेणे शहाण्णव, देणे बावन्न, टाकणे सात, बघू दोनशे सत्तावन्न. टाकायच्या सातांपैकी सहा वस्तू माझ्या होत्या.

एक वस्तू मात्र कुठल्याच रकान्यात बसत नव्हती, कारण ती आमची नव्हती. चारशे बारामध्येही मी ती धरली नव्हती. माळ्यावर पत्र्याचा एक झाकणाचा डबा होता. त्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'शेजारचा डबा. रिकामा. सोऱ्या आल्यावर परत.'

हा सोऱ्या म्हणजे चकल्या पाडायचा, पितळेचा, बायकोने माहेरून आणलेला. शेजारच्या वहिनींकडे सोऱ्या नव्हता. आमचं अंगण आणि त्यांची सुपारीची वाडी यांच्यामध्ये दगडी गडगा होता आणि त्या गडग्याला माणूस जाईल एवढी वाट होती. दर दिवाळीला सोऱ्या त्या वाटेने जाई आणि त्याच वाटेने परत येई. बायको आणि वहिनी दिवसातून दहा वेळा त्या वाटेत उभ्या राहून बोलत. काय बोलत हे मी कधी मोजलं नाही, पण एकदा आमटी करपली होती.

नऊ वर्षांपूर्वी बायको मुलांना घेऊन भाऊबीजेला माहेरी गेली असताना वहिनींनी गडग्यावरून मला हा डबा दिला. वर चकल्या होत्या, खाली कागद अंथरला होता. मी एकटा होतो. चार दिवसांत चकल्या संपल्या. बावीस होत्या. डबा बाजूला ठेवताना जरा जड लागला, तेव्हा पत्रा चांगला जाड आहे असं वाटून मी मनात त्याचं कौतुकही केलं होतं.

महिनाभराने बायकोने विचारलं, सोऱ्या कुठे आहे. मी गडग्यापाशी जाऊन वहिनींना विचारलं.

"परत दिला की," त्या म्हणाल्या. "चकल्यांच्या डब्यातून."

"डब्यात चकल्या होत्या, वहिनी. बावीस. मी मोजल्या आहेत."

"चकल्या मोजल्यात म्हणून सोऱ्या नव्हता असं कसं होईल, भावोजी?"

"असता तर तेवीस नग झाले असते."

त्यांचे यजमान पडवीत सुपारी कातरत होते, ते अडकित्ता तसाच हातात घेऊन आले. म्हणाले, "म्हणजे आम्ही सोऱ्या दाबला म्हणता?" मी म्हणालो, मी काहीच म्हणत नाही, आकडा काय तो सांगतो. यावर ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी शांतपणे सांगितलं की सोऱ्या आला की डबा परत मिळेल. त्याच दिवशी मी करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून गडग्याची वाट बुजवली. डबा ओलीस म्हणून माळ्यावर गेला. बायको म्हणाली, "एकदा उघडून तर बघा." मी म्हणालो, "मी स्वतः रिकामा केला आहे." माझ्या मोजणीवर घरात कोणी शंका घेत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता.

दारामागे खडूने लिहिलं, 'सोऱ्या – शेजारी'. दर दिवाळीला घराला चुना देताना तेवढा तुकडा वगळून मी ती ओळ पुन्हा गिरवीत असे. आपला सोऱ्या असताना दुसरा घेणं मला पटत नव्हतं, म्हणून नऊ दिवाळ्या आमच्याकडे चकली झाली नाही. मुलांना मी तत्त्व समजावून सांगितलं. धाकटा म्हणाला, तत्त्व खायला कसं लागतं.

आता जाताना वाटलं, हिशेब आपल्या बाजूने तरी चोख करावा. त्यांनी आमची वस्तू ठेवली, पण त्यांची वस्तू आम्ही ठेवली नाही, हे सगळ्या आळीला कळावं. वाळलेली सुकट विकणारी कोळीण रोज आधी आमच्याकडे आणि मग शेजारी जाई. तिच्या हाती डबा पाठवायचं मी ठरवलं. निरोपही तयार केला.

"हा डबा पलीकडे दे," मी तिला म्हणालो. "म्हणावं, तुमची एकही वस्तू आमच्याकडे राहिलेली नाही."

तिने डबा एका हाताने उचलला आणि मग दुसरा हात लावला. "दादा, ह्यो रिकामा न्हाय."

"रिकामा आहे. चिठ्ठी लावली आहे."

"मला वाचाय येत न्हाय. पर जड हाय."

"पत्रा जाड आहे."

"पत्रा जाड हाय व्हय? मग वाजतंय काय?" तिने डबा कानाशी धरून हलवला. आतून ठक असा आवाज आला. "वयनी, जरा हिकडं या. ह्या दादांचा पत्रा वाजतोय."

बायको आली. कोळणीने झाकणात नख घातलं. आत तळाशी तेलाने पिवळा पडलेला कागद होता. बायकोने तो उचलला. खाली दुसऱ्या कागदात गुंडाळलेला सोऱ्या होता, तीन चकत्यांसह, आडवा, डब्यात चपखल बसवून दिलेला; सैल होत्या त्या चकत्या.

 मग कोळणीने टोपली डोक्यावर घेतली.

"हे कुणाला सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी कशापायी सांगू? कुणी इचारलं तरच सांगन." आणि ती निघाली, रस्त्याने, शेजारच्या घराकडे.

बायको सोऱ्या पदराने पुसत होती. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने माझा कागद पुढे ओढला आणि विचारलं, "हा कुठे लिहू? नेणे, देणे का टाकणे?"

"बघू," मी म्हणालो.

त्या रकान्याचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

बोट तीन दिवसांनी होती. मी मनाशी म्हटलं, तीन दिवस दार लावून सामान बांधलं तर प्रश्न आपोआप मिटेल. मुंबईत कोण विचारणार आहे. हे बोलून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही मिटवा. मी इथून त्यांच्याशी न बोलता गेले तर तिकडे तुमच्या त्या चौकोनात माझ्याबरोबर राहायचंय तुम्हाला, एवढं लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जात्याची घरघर ऐकून मी उठलो. जातं बघूच्या रकान्यात होतं. तिने तांदूळ आणि उडीद भाजून दळले आणि बांधलेल्या सामानातून कढई सोडवली. दुपारी माझ्यासमोर तो डबा ठेवला. तळाला सोऱ्या, तसाच आडवा, कागदात गुंडाळून. वर कागद. वर चकल्या.

"रिकामा डबा परत द्यायचा नसतो," ती म्हणाली. "मोजा."

मी मोजल्या. बावीस होत्या.

मी गडग्याकडे गेलो आणि करवंदीच्या फांद्या उपसू लागलो. नऊ वर्षं मी त्यात भर घालत आलो होतो आणि काम पक्कं झालं होतं. दोन्ही हात ओरबाडले, धोतर गुडघ्याशी फाटलं. बायको मागे उभी राहून बघत होती.

"रस्त्याने जा की," ती म्हणाली. "एकशे ऐंशी पावलं जास्त पडतील, तेवढंच."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. विहीर शेजाऱ्यांच्या वाडीपलीकडे होती. वाट बुजवल्यापासून बायको रस्त्याने वळसा घालून पाणी आणत होती, दिवसातून दोन खेपा, आणि तिनेही मोजलं होतं. मी फांदी हातात धरून हिशेब केला. जाता-येता तीनशे साठ, दोन खेपांचे सातशे वीस. माहेरचे वगैरे दिवस वजा करून वर्षाचे तीनशे साठ दिवस धरले. नऊ वर्षांची तेवीस लाख बत्तीस हजार आठशे पावलं होतात, त्यातली निम्मी भरली घागर कमरेवर घेऊन. हा आकडा मी तिला सांगितला नाही. आजवर सांगितलेला नाही.

शेजारी पडवीत बसून छोट्या खलबत्त्यात सुपारी कुटत होते. वहिनी सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, फाटलेल्या धोतराकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. कोणाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी कोळणीला बहुधा विचारलं होतं.

मी डबा खाली ठेवला. "चूक माझी होती," मी म्हणालो. दुसरं वाक्य तयार केलं होतं ते आठवलं नाही.

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. "उघडा."

मी उघडला.

"मोजा, भावोजी."

"बावीस चकल्या."

"आणखी?"

मी कागद वर केला. "एक सोऱ्या."

"किती नग झाले?"

"तेवीस."

"बाविसाचे तेवीस करायला नऊ वर्षं लागली," शेजारी म्हणाले. "आणि म्हणे वखारीत मोजणी करतात. घ्या, बसा आता. उभे का?"

मी बसलो. त्यांनी एक चकली उचलली, हातात फिरवली आणि परत ठेवली. "आळ निघेपर्यंत घरात चकली करायची नाही असं हिने ठरवलं होतं. पहिली तीन वर्षं मी हिला म्हणायचो, कर, कर. मग म्हणायचं सोडलं." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आत खालचे दोन दात होते. "आता केली तरी काय उपयोग? तुम्ही पाच वर्षं आधी घर सोडायचं होतंत."

वहिनींनी एक चकली मोडून ताकात बुडवली आणि वाटी त्यांच्यापुढे सरकवली. मग मला विचारलं, "बोट कधीची?"

"परवाची."

"परवा," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांचं बोलायचं राहिलंय आणि दिवस दोन." त्या उठल्या, पदर खोचला आणि गडग्याच्या वाटेने आमच्या घरात गेल्या. काट्यांचा ढीग पायाने बाजूला सारल्याचा आवाज आला. त्यानंतर दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात बोलणं चालू होतं, एवढंच मला माहीत आहे.

सामान मी एकट्याने बांधलं. सोऱ्या वहिनींनी ठेवून घ्यावा असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "नको. उद्या म्हणाल त्यांच्याकडे राहिला." मी म्हणालो, लिहून देतो. "तुमच्या लिहिण्यानेच हे झालं," त्या म्हणाल्या. सोऱ्या नेण्याच्या रकान्यात गेला, शहाण्णवाचे सत्त्याण्णव झाले, आणि खोलीत त्याला जागा कुठून काढायची या विचाराने मी एक रात्र झोपलो नाही.

बघूच्या दोनशे सत्तावन्न वस्तूंचं काय झालं ते मला विचारलं गेलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी पाहिलं तर त्या शेजाऱ्यांच्या पडवीत होत्या. बायको म्हणाली, "ठेवायला दिल्यात. पुढच्या उन्हाळ्यात येऊन बघू." खडूची ओळ मी ओल्या फडक्याने पुसली. नऊ वेळा गिरवलेली असल्यामुळे ती पुरती गेली नाही. त्यावर वहिनींनी चुन्याचा हात फिरवला.

ह्याला आता सहा वर्षं झाली. एका उन्हाळ्यात सोऱ्या परत श्रीवर्धनला गेला, आता तो त्यांच्याकडेच असतो. दर दिवाळीला तो डबा आगबोटीने आमच्याकडे येतो आणि आम्ही काहीतरी भरून परत पाठवतो. गेल्या दिवाळीलाही आला. चकल्या अठ्ठावीस होत्या. मुलांनी त्या संपवल्या, तेव्हा बायकोने माझ्यादेखत तळाचा कागद उचलला, खाली हात घालून पाहिला आणि म्हणाली, "काही नाही."

मग मीही हात घालून पाहिला.