वाफेच्या चाकावरचा हात

पॉलिस्टरच्या कारखान्यात त्याला सगळे भट्टीदादा म्हणत. जुन्या पद्धतीत कथिलाचं रसायन घालून माल दोनशे अंशांच्या वर शिजायचा. धूर असा, की डोळ्यांतून धारा. त्याच धुरात शेजारी उभं राहून त्याच्या मेहुण्याच्या छातीचा पार खुळखुळा झाला. तेव्हा भट्टीदादानेच साहेबांच्या दारात ठाण मांडलं होतं: धूर बंद करा, नाहीतर काम बंद.

साहेब नमले. केमिस्टबाईंनी एन्झाइमचे मणी आणले. ऐंशी अंशांवर, धुराशिवाय, हे मणीच पॉलिस्टरची साखळी जोडणार. बाईंनी बजावलं, हे काम सावकाश होतं, आणि जास्त तापलं की एन्झाइम मेलंच समजा. भट्टीदादा हसला. भट्टीवर काय आज आलोय, म्हणाला.

दुपारी कांडी बुडवून पाहिली, तर माल पातळ. तार धरेना. माल हटून बसला की वाफ सोडून आच वाढवायची, ही जन्माची खोड. हात आपसूक वाफेच्या नळीवरच्या चाकाकडे गेला आणि वाफ सुटली. भानावर येऊन त्याने चाक बंद केलं, पण मरायचं ते मेलं होतं. माल शेवटपर्यंत पाणीच राहिला.

साहेबांना निमित्तच हवं होतं. बाईंना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं, पुन्हा कथिलच वापरू म्हणाले. मणीच खराब आले असतील, असं बाई पुटपुटल्या. आणि साहेबांच्या अंगावर धावून जाणारा हा वाघ स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला.

घरी जेवायला मेहुणा होता. पुन्हा धूर सुरू होणार म्हणे, असं खोकत खोकत त्याने विचारलं. भट्टीदादाने हातातला घास परत ताटात ठेवला.

"मणी चांगले होते," तो म्हणाला. "वाफ मी सोडली."

मेहुण्याने ताट सरकवलं. "दाजी, धुराविरुद्ध घसा तुम्हीच फोडायचा, आणि धूर परत आणायचाही तुम्हीच?"

सकाळी त्याने तेच साहेबांना आणि बाईंना सांगितलं. बाईंनी धीर दिला नाही. आणखी एकच घाणा काढून बघू, एवढं त्या साहेबांना म्हणाल्या. साहेब कुरकुरत तयार झाले.

भट्टीदादाने भट्टी ऐंशीवर आणली, पान्याने वाफेचं चाक काढलं आणि घरून सोबत आणून स्टुलावर बसवलेल्या मेहुण्याच्या मांडीवर ठेवलं.

दुपारीही माल पातळच होता. भट्टीदादाचा हात चाक काढलेल्या उघड्या दांड्यापर्यंत जाऊन परत आला. थोड्या वेळाने पुन्हा गेला. मेहुण्याने पाहिलं आणि चाक पोटाशी घट्ट धरलं.