वर्तन: उत्तम

हुद्दा: सहशिक्षिका, प्राथमिक विभाग. अतिरिक्त कार्यभार: समन्वयक, संतुलित तुकडीवाटप. पात्रता: संगणक हाताळता येतो, नाही म्हणता येत नाही. शाळेत त्यांना सगळे आक्का म्हणत.

तिसरीच्या याद्या दुपारी बाराला पालकांच्या मोबाइलवर आपोआप जाणार होत्या. अकरा वाजून गेले तेव्हा आक्कांनी तुकडी 'क' उघडली आणि चहाचा कप हातातच राहिला. ज्याला सगळे भोंगा म्हणत तो ओरड्या, त्याचा चावरा दोस्त, बाकांवरून चालणारी जुळी, दप्तरातून गोगलगायी आणणारी ती मुलगी... दुसरीतली झाडून सगळी नामांकित मंडळी एकाच वर्गात. वर सॉफ्टवेअरचा हिरवा शेरा: संतुलन उत्कृष्ट.

सॉफ्टवेअर बिचाऱ्याचा दोष नव्हता. गेल्या वर्षी 'वर्तन' या रकान्यात 'चंचल' वाचून एक वडील कार्यालयात टेबल बडवून गेले होते. तेव्हा आक्कांनीच सूचना काढली होती: पालकांना दिसतं, जरा मायेनं भरा. शिक्षकांनी इतक्या मायेनं भरलं की एकूणएक मूल 'उत्तम' निघालं. त्यात 'कोणाशेजारी बसायला आवडेल?' या प्रश्नाला या मंडळींनी एकमेकांचीच नावं दिली. सॉफ्टवेअरनं मनापासून हट्ट पुरवला.

'क'ची वर्गशिक्षिका होती गेल्याच वर्षी रुजू झालेली नवी बाई. पहिल्याच वर्षी अशाच एका वर्गानं तिला रडकुंडीला आणलं होतं. कालच ती जिन्यात म्हणाली होती, "पुन्हा तसा वर्ग आला ना आक्का, तर सोमवारी मी येणार नाही." ती धमकी असती तर बरं झालं असतं.

आक्का शिक्षकखोलीत गेल्या. "दुसरीचे शेरे बदलायला हवेत. आत्ता."

"बदला की," दुसरीच्या बाई मान वर न करता म्हणाल्या. "पण त्या टेबलबडव्याला तोंड तुम्ही द्यायचं. माझी बीपीची गोळी दिवसाला एकच आहे."

"हिरवं आलंय ना?" तिथेच बसलेल्या मुख्याध्यापकांनी विचारलं. "मग हात लावू नका. तुम्ही हातानं वाटणी करायचात तेव्हा पक्षपात म्हणून ओरड व्हायची. आता ओरडायचं तर यंत्रावर ओरडू दे लोकांना. मी यादी मंजूर केलीय."

"सर, ती पोरगी सोडून जाईल."

"कुठे जातेय? सोडायला आधी दुसरी नोकरी मिळावी लागते."

कोणी हसलं नाही. नवी बाई दारात उभी होती. ती वळली आणि पायऱ्या उतरू लागली.

आक्का झपाझप संगणकाकडे आल्या. बाराला थोडाच अवकाश होता. मुलं हलवून पाहिली. मंजूर यादी ढिम्म हलेना. शिक्षकांच्या नावांच्या रकान्याला मात्र कुलूप लावायचं राहिलं होतं. 'अ'समोर त्यांचं स्वतःचं नाव होतं. गुणी, वाचणारी मुलं. वर्षभर त्यांनी याच वर्गाची वाट पाहिली होती. आक्कांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं. नवी बाई फाटकापर्यंत पोचली होती. त्यांनी दोन नावांची अदलाबदल केली, 'जतन करा' दाबलं आणि खिडकीतून मोठ्यानं हाक मारली.

सोमवारी नवी बाई आली. मधल्या सुट्टीपर्यंत आक्कांचा आवाज बसला होता.