थांबलेलं बारसं

मराठी मी सासूबाईंकडून शिकले, त्यामुळे मला भांडायला येतं तेही त्यांच्याच थाटात. माझे वडील इंजिन ड्रायव्हर, आम्ही रेल्वे कॉलनीतले अँग्लो-इंडियन. आईवडील बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेले आणि मी झाशीतल्या एका जुन्या मराठी घरात सून म्हणून आले. सगळ्यांना वाटलं होतं, सासू मला उंबऱ्याबाहेरच ठेवील. कसलं काय! हळदीकुंकवाला त्या मला मुद्दाम दारासमोर बसवत. बायका माझ्या गोऱ्या रंगाकडे बघत आणि सासूबाई फुलून जात. वर म्हणत, "आमच्याकडे भेदभाव नाही हो." मलाही ते गोड लागे, खोटं कशाला बोलू?

मग मुलगी झाली. चांगली काळीसावळी.

"उजळेल," सासूबाई म्हणाल्या आणि रोज साय नि डाळीचं पीठ लावून तिला चोळायला लागल्या. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं, ते थंडी फार आहे म्हणून पुढे गेलं. थंडी सरली तर समथरला दिलेल्या नणंदेला सवड नव्हती, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नवरा म्हणाला, आईला ठरवू दे. पोर हसायला लागली, हुंकार द्यायला लागली, तरी तिला हाक मारायला नाव नाही. रंगापायी माझ्या लेकीचं नाव अडलंय हे मला स्वच्छ दिसत होतं. मी सासूबाईंवर आतल्या आत धुमसत होते.

एका सकाळी शेजारीण आली. "बहू, तनक बिन्नू कौ मों तौ दिखा दो," म्हणाली. बाळाचं तोंड बघायचं होतं तिला. सासूबाई काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "सो रही है, चाचीजी," आणि आतल्या खोलीला कडी घातली. मुलगी आत टक्क जागी होती.

कडीवरचा हात तिथेच राहिला. कॉलनीत पाहुणे आले की माझी आईसुद्धा अशीच कडी घालायची. आत माझी आजी असायची, आईची आई. बेतवा नदीकाठच्या एरच गावची, काळी, साडी नेसणारी. पाहुण्यांना ती दिसलेली आईला चालत नसे, आणि आम्हा मुलांना त्यात काही वावगं वाटत नसे. इतके दिवस मी सासूबाईंवर दात खात होते, आणि आता कडी घालणारा हात माझाच! मला माझी इतकी चीड आली की मी दार धाडकन उघडलं, पोरीला उचललं आणि शेजारणीच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

"अरे, जा तौ हमाई बिटिया जैसी है!" आपल्याच लेकीसारखी दिसते म्हणून शेजारीण खूश झाली. लाडू खाऊन गेली.

सासूबाईंचा चेहरा उतरला होता. "आता सगळे विचारतील, कोणावर गेली म्हणून."

"सांगा, माझ्या आजीवर गेली," मी म्हणाले, आणि कडीसकट सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. पण सासूबाई पोरीचा पाय हातात घेऊन बसल्या. पीठ चोळून चोळून पोटरी लाल झाली होती, तिच्यावर बोट फिरवत राहिल्या.

"मला खरंच वाटत होतं गं," त्या हळूच म्हणाल्या, "की मी थंडीसाठीच थांबलेय."

इतका सरळ कबुलीजबाब मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला हसू फुटलं. "हसतेस काय? समथरला निरोप धाड," त्या खेकसल्या.

बारसं भर दुपारी अंगणात झालं. पाळण्याच्या वरून-खालून पोर या हातातून त्या हातात जात होती. एका काकूंनी विचारलंच, "कोणावर गेली गं ही?" मी सासूबाईंकडे बघितलं.

"पणजीवर," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "एरचची होती. तिचंच नाव ठेवतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग ना, काय नाव होतं?"

कॉलनीत आजीला एक इंग्रजी नाव चिकटवलं होतं. तिचं खरं नाव आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. मी ते सगळ्यांसमोर उच्चारलं. कोणी दचकलं नाही. नणंद पाळण्यावर वाकली आणि माझ्या आजीचं नाव माझ्या लेकीच्या कानात गेलं. मला इतकं मोकळं वाटलं की मी सगळ्यांदेखत रडले, आणि सासूबाईंनी मला गप्प केलं नाही.