खालच्या बोळातून वरच्या बोळात

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या जुन्या पेठेत वडिलांची विद्यार्थीदशेतली खोली होती. चौऱ्याण्णव साली मिरजेला हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी ती पाहायचा हट्टच धरला. निम्म्या चढावर त्यांना धाप लागली. पण रस्त्यावर बसायला ते तयार होईनात.

दारात तांदूळ निवडत बसलेल्या एका बाईंनी आम्हाला पाहिलं. "आवं आजोबा, घरातनं जावा की. मागलं दार वरच्या बोळात निघतंय. सगळी हितनंच जात्यात."

माजघरात त्यांनी खुर्ची पुढे केली. "पर हितं बसल्याबिगर कुणाला वर सोडत न्हाई. आमच्या घरची रीतच हाय."

रीत म्हटल्यावर वडील मुकाट्याने बसले. श्वास हळूहळू जागेवर आला.

तेवढ्यात एक शेजारीण घागर घेऊन आली आणि न थांबता मागच्या दाराने वर गेली.

"ही बरी सुटली?" वडिलांनी विचारलं.

"ती व्हय?" बाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "ती बसली की उठत न्हाई."

वडील खळखळून हसले.

खोली पाहून घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना तिचं वर्णन करून सांगितलं. चढ काही फारसा नव्हता, असंही सांगितलं. एरवी मी लगेच दुरुस्ती केली असती. त्या दिवशी मात्र त्या बाईंचे मनातल्या मनात आभार मानले.