शेवटच्या ओव्हरचं पावणं

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात आणि जावयालाही पावणंच म्हणतात. माझं लग्न ह्या एका शब्दाच्या घोळातनं झालं.

माझं माहेर जोतिबाच्या पायथ्याला. मी लग्नाची होते तेव्हाची गोष्ट. गावात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा लागल्या होत्या. तिथला नियम असा, की प्रत्येक टीमला बाहेरगावचा एकच खेळाडू घेता येतो. त्यालाही सगळे पावणंच म्हणतात. आमच्या टीमनं कळंब्याच्या पलीकडच्या एका गावचा बॉलर आणला होता, तोही फक्त शेवटची ओव्हर टाकायला. आणि नेमकं त्याच रविवारी मला बघायलाही पावणे यायचे होते. वडिलांनी त्या बॉलरला मॅचच्या आधी चहाला घरी आणलं, दारातनंच आत्याला हाळी दिली, "पावणं आल्यात गं!" आणि स्वतः दूध काढायला गोठ्यात गेले.

झालं! आत्यानं माझा पदर सारखा केला, पोह्यांचा ट्रे हातात दिला आणि मला बाहेर ढकललं. समोर ट्रॅकसूट घातलेला एकटाच माणूस. मी खाली मान घालून पाटावर बसले. आत्यानं विचारलं, "काय करताय पावणं?"

तो म्हणाला, "शेवटची ओव्हर टाकतो."

आत्यानं त्याच्या ट्रॅकसूटकडं एकदा नीट बघितलं. मग तिनं विचारलं, "आन् बाकीच्या वक्ताला?"

"शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत हाय."

"शेतीवाडी?"

"हाय की दीड एकर. पण मावशी, मॅचला उशीर व्हतोय."

तेवढ्यात वडील दुधाची चरवी घेऊन आले आणि आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. मला मात्र मेलीला हसू आवरेना. त्यानं मान वर करून एकदाच बघितलं, तोही हसला, आणि पोह्यांची बशी चाटूनपुसून रिकामी करून गेला. खरे पावणे संध्याकाळी आले, तेव्हा मी सरळ नाही म्हणून सांगितलं. घरात महाभारत झालं. पण मी अशीच आहे, एकदा नाही म्हटलं की नाहीच.

शेवटी लग्न त्या बॉलरशीच लागलं. लग्नानंतर कळलं, की मी घरात पावणंच आणलंय. आठवडाभर फौंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, आणि रविवारी बॅग खांद्याला लावून निघायचं. आज सांगली, पुढच्या रविवारी बेळगाव, मग गडहिंग्लज, सावंतवाडी, गोवा. सीमेपलीकडं कानडीत पावण्याला बीगर म्हणतात, तिथं हे बीगर. प्रत्येक गाव एक टी-शर्ट द्यायचं. कपाटात जागा पुरेना, तेव्हा मी ते गोठ्यात नेले. आमच्या म्हशी वीस गावांच्या टी-शर्टनी पुसल्या गेल्यात, खोटं नाही सांगत. मी रागानं कधी मॅच बघायला गेले नाही. रविवारी संध्याकाळी हे दारात आले की मी म्हणायचे, "या पावणं, पाणी देऊ?" हे नुसतं हसायचे.

एका गावाचा टी-शर्ट मात्र त्यांत नव्हता, ह्यांच्या स्वतःच्या. एकोणीस वर्षांचे असताना ह्यांनी गावासाठी शेवटची ओव्हर टाकली होती. शेवटच्या बॉलला पाय रेषेच्या पुढं पडला, नो बॉल झाला आणि मॅच गेली. त्या वेळच्या कॅप्टननं सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्याच्या हातात परत बॉल द्यायचा न्हाय." आणि दिला नाही. बाहेरची गावं गाडी पाठवून न्यायची, गाव मात्र विचारायचं नाही. हे त्यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत.

दोन वर्षांमागं ह्यांचा खांदा गेला. हात वर करून शर्टसुद्धा घालता येईना. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, आता बॉलिंग बंद. येताना मोटरसायकलवर मी मागं बसले होते. हे पुढं बघतच म्हणाले, "एकदा आपल्या गावासाठनं टाकली असती तर बरं झालं असतं." एवढंच. एवढी वर्षं मी ह्यांना पावणं म्हणून चिडवलं होतं आणि ह्यांना ते कुठं लागत होतं हे मला ठाऊकच नव्हतं.

मग ह्या वर्षी गावातली नवी पोरं घरी आली. टीम फायनलला गेलेली. बाहेरचा म्हणून बेळगावचा एक बॅट्समन आधीच घेतलेला, पण शेवटच्या ओव्हरला भरवशाचं कुणी नव्हतं. "काका, तुम्ही गावचंच की. या." हे माझ्याकडं बघायला लागले. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला पाठ होतं. मी म्हटलं, "जावा. पण मी येणार बघायला."

मैदानावर बघते तर हे मॅचकडं पाठ करून बाभळीखाली बसलेले, बूट काढून. मला वाटलं झोपले की काय! जवळ गेले तर म्हणाले, "वारं उसाकडनं हाय. माझ्या पाचव्या बॉलापत्तर तसंच ऱ्हाईल." मी म्हटलं, मॅच बघत नाही होय तुम्ही? तर म्हणे, "बॅट बघून काय करायचं? बॅट्समनचं पाय बघायचं, आन् ते शेवटाला बघितलं तरी चालतं."

शेवटची ओव्हर आली. समोरच्या टीमला आठ रन पाहिजे होते. भोंग्यावर कॉमेंट्री करणारा जुना माणूस, ह्यांना गावोगाव खेळताना बघितलेला. तो सवयीनं ओरडला, "आणि आता बॉल घेत्यात आपलं लाडकं पावणं!"

झाला की दंगा! समोरची टीम मैदानात घुसली. दोन-दोन पावणं कसं खेळवताय? अंपायरनं मॅच थांबवली. कॉमेंट्रीवाला माफी मागतोय, पोरं आधार कार्ड दाखवतायत, कुणी ऐकेना. समोरचे म्हणत, ह्या माणसाला आम्ही ह्या गावाकडनं कधी खेळताना बघितलंच नाही. ते खोटंही नव्हतं. हे बॉल हातात धरून मधोमध उभे. मी पदर खोचून निघालेच होते, तेवढ्यात मंडपातनं तो जुना कॅप्टन उठला. आता म्हातारा झालाय, काठी घेऊन चालतो. तो अंपायरपुढं जाऊन म्हणाला, "आमच्याच गावचा हाय त्यो. मीच त्येला काढला हुता. लिहून देऊ?"

समोरची टीम मागं फिरली. ओव्हर सुरू झाली.

आणि मग मी जे बघितलं, ते कसं सांगू तुम्हाला. घरात पाण्याचा तांब्या उचलताना कण्हणारा हा माणूस धावत आला आणि बॉल बॅट्समनच्या बुटाच्या टोकावर जाऊन पडला, हातानं नेऊन ठेवल्यासारखा. रन नाही. दुसऱ्याला बॅट अख्खी फिरून झाली, आणि बॉल मागनं सावकाश आला. अगं बाई! हा माणूस रोज माझ्या हातचं जेवतो आणि मला हे ठाऊक नाही? तिसऱ्याला एक रन. चौथ्याला दांडी उडाली. फौंड्रीतली माणसं सांगायची, की ह्यांनी साच्यात ओतलेलं लोखंड थेंबभर सांडत नाही, धार मध्ये तुटत नाही. मला ती बढाई वाटायची. तोच हात होता तो. पाचव्याला एक रन. आता एक बॉल आणि सहा रन. चौकार गेला तरी आम्ही जिंकत होतो.

ह्यांनी डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला, क्षणभरच. ते फक्त मला कळलं. हे धावले, हात वर आला आणि अर्ध्यातच अडकला. बॉल टप्पाच न खाता सरळ बॅटवर गेला आणि तिथनं उसात.

मॅच गेली. आता काय होणार ते मला माहीत होतं. पावण्याला कुणी टाकून बोलत नाही. हरला तरी चहा देतात, 'चालायचंच की पावणं' म्हणतात आणि गाडीत बसवून देतात. ह्यांनी आयुष्यभर तेच ऐकलं होतं.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं काठी आपटली. "आरं ए गाढवा! पायात टाकायचा सोडून वर कुठं टाकतोस? गावोगाव हिंडून ह्येच शिकलास व्हय रं? आं? बैल कुठला!" मग पोरं सुरू झाली, मग मंडप. "काका, काय केलंसा हे!" "डोस्कं घरी ठिवून आलतासा काय?"

माझं टाळकं सटकलं. खांदा फाटलेल्या माणसाला असं बोलतात? मी तरातरा मैदानात गेले आणि म्हाताऱ्याला म्हटलं, "तोंड सांभाळून बोला!" तर ह्यांनी माझा हात धरला. बघते तर हे हसतायत, आणि डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

"बोलू दे गं त्येंस्नी," हे म्हणाले. "पावण्याला असं कुणी बोलतंय व्हय?"

मी एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडं. मग मीही कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या गावादेखत ह्यांना विचारलं, "अहो, शेवटचा बॉल असा टाकत्यात व्हय?"