उधाणाच्या दिवशी घेतलेली चाचणी

आमच्या खारी गावातल्या विहिरीचं पाणी नासलं, ते काकीनं त्या वर्षी उपसा केला नाही म्हणून. काकीच्या दहाव्यापर्यंत सगळे असंच समजत होते. मी सोडून.

काकी म्हणजे माझ्या वडलांच्या धाकट्या भावाची बायको. आई मिठागरावर कामाला जायची, तेव्हा दिवसभर मी काकीच्या घरी असायचो. तिच्या दारासमोर ती विहीर. गावात तिला बाव म्हणतात. आता चहूबाजूंनी बिल्डिंगा आल्या, घरोघर नळ आले, पण काकीच्या घरचा चहा बावीच्याच पाण्याचा. नळाच्या पाण्याला म्हणे दवाखान्याचा वास येतो.

बाव सगळ्या गावाची असली तरी सांभाळायची काकी. कुणाच्या घरी लग्न निघालं की हळदीच्या दिवशी बायका वाजतगाजत कळशा घेऊन बावीवर यायच्या, काकी पूजा करायची, पहिली कळशी तिनं भरायची आणि त्या पाण्यानं नवरानवरीला आंघोळ. पावसाळ्याआधी दरवर्षी पाणी उपसून गाळ काढायचा, तो उपसाही काकीच माणसं जमवून करून घ्यायची. "बाव म्हातारीच्या नावावर केलीय काय?" असं पोरं चिडवायची. ती म्हणायची, "सातबारा तुमच्या नावावर, गाल माज्या नावावर." गाळाला ती गाल म्हणायची.

दोरी सोडायला मला तिनंच शिकवलं. अमावास्या-पुनवेला दोरी कमी लागते, हे मला शाळेत भरती-ओहोटीचा धडा यायच्या आधीपासून ठाऊक होतं. खाडीला उधाण आलं की आमच्याकडे जमिनीतलं पाणीही वर चढतं. "आज खाडी भरलीय, बाव बी भरली," काकी म्हणायची. पाणी मात्र गोडं. ते कसं, हे तिला विचारलं तर म्हणायची, देवीला इचार.

पुढे मी डिप्लोमा केला, नवघरला बिल्डिंगमध्ये राहायला गेलो आणि एका ठेकेदाराकडे मलवाहिनीच्या कामावर लागलो. सोयरिकीत मी 'पाइपलाइनचं काम' एवढंच सांगतो. त्या वर्षी मुख्य लाईन नव्या बिल्डिंगांपर्यंत आली होती आणि तिथून गावात वाढीव लाईन न्यायची होती. गाव माझं, म्हणून साईट माझ्याकडे आली. लाईन बरोब्बर काकीच्या दारावरून, बावीच्या अंगाशी जात होती. दुसरीकडून जागाच नव्हती.

अशा कामाचे नियम असतात. चर बुजवायच्या आधी लाईनीची चाचणी घ्यायची. खालच्या चेंबरला रबरी बूच मारायचं, टँकरनं लाईन भरायची, वरच्या चेंबरमध्ये पाण्याच्या पातळीवर खडूनं खूण करायची आणि थांबायचं. पाणी उतरलं तर जोड गळतायत. जोड उघडे ठेवायचे, म्हणजे गळती दिसते. आणि आमच्यासारख्या खाजणाच्या जमिनीसाठी आणखी एक कलम. जमिनीतलं पाणी लाईनीच्या वर असेल तर ही चाचणी धरायची नाही. कारण बाहेरचं पाणी आतल्या पाण्याला दाबून धरतं. जोड फुटका असला तरी पातळी हलत नाही. तेव्हा लाईन रिकामी ठेवून बाहेरून आत किती पाणी येतं ते बघायचं. हे कलम ज्यानं लिहिलं, त्याला माझ्यासारखा माणूस आधीच भेटला असणार.

पहिली चाचणी आम्ही आमची आमची घेतली, ओहोटीला. वीतभर पाणी उतरलं. बावीच्या शेजारचे जोड गळत होते. तिथली जमीन लोण्यासारखी, पाइप बसले होते. मुकादम चरात उतरून वर आला आणि म्हणाला, "साहब, नीचे काँक्रीट डालके फिर से बिछाना पड़ेगा." त्याचं बरोबर होतं. पण पावसाळा तोंडावर होता. त्याआधी चर बुजवायचे असा हुकूम होता. लोक दारातल्या खड्ड्याला कंटाळले होते, माझे स्वतःचे नातेवाईक मला बघून तोंड फिरवत होते, आणि ठेकेदार फोनवर फोन करत होता. मी म्हणालो, अमावास्येला परत घेऊ.

"अमावस को? कोई पूजा है क्या?" मुकादम हसला.

"हाँ, पूजा है," मी म्हणालो.

अमावास्येच्या सकाळी, चरात चढणारं पाणी दिसू नये म्हणून, त्या जोडांवर मी माती टाकून घेतली. तपासणीचे साहेब आले तेव्हा खाडी भरत आली होती. साहेब घाटावरचे, माणूस सरळ. त्यांनी मातीकडे बोट दाखवलं. "हे का बुजवलं? जोड दिसायला पाहिजेत."

"लोकांना दारात जायला वाट नको का, साहेब?"

तेवढ्यात काकी बाहेर आली. "माज्या दारातला खड्डा हाय तो. मी म्हातारी पडलू तं कोन उचलल? तुमी उचलाल?" साहेब हसले. ती त्यांच्यासाठी चहा घेऊन आली होती.

खडूच्या खुणेवरून पाणी हललं नाही. साहेबांनी कप हातात घेऊन विचारलं, "जमिनीतलं पाणी कुठवर आहे?"

"खूप खाली आहे, साहेब. लाईनीच्या बरंच खाली."

बाव आमच्यापासून हाकेवर पण नव्हती, हात लांब केला असता तर कठड्याला लागला असता. साहेबांनी वाकून बघितलं असतं तर पाणी किती वर आलंय ते दिसलं असतं. त्यांना बघावंसं वाटलं नाही. मी इथलाच आहे हे त्यांना माहीत होतं. चहा चांगला झालाय म्हणाले. काकी म्हणाली, "बावीचं पानी हाय."

चाचणी पास झाली. चर बुजला. घराघरातून जोडण्या दिल्या, वर काँक्रीटचा रस्ता झाला. लोकांनी नारळ देऊन माझा सत्कार केला.

काकीचे गुडघे तेव्हा बरेच बिघडले होते. पुरुषमाणसांना वेळ नाही, पंप मागवायचा तर कोण धावपळ करणार, म्हणून त्या वर्षीचा उपसा राहिला. पावसाळ्यात कुणाला काही कळलं नाही. थंडी पडली तसा वास यायला लागला. आधी काकीलाच आला. तिनं चहाला नळाचं पाणी घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही. मी गेलो तेव्हा कप तोंडाला लावला आणि मला समजलं. मी पूर्ण कप प्यायलो.

त्याच थंडीत तिच्या नातीचं, माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी बायका कळशा घेऊन आल्या आणि कठड्यापाशी आल्यावर पदर नाकाला गेले. बेंजोवाले वाजवतच होते, त्यांना कुणीतरी थांबवलं. शेवटी चुलतभाऊ रिक्षा घेऊन केबिन रोडला गेला आणि पाण्याच्या कॅन घेऊन आला. काकीनं कॅनमधलं पाणी कळशीत ओतलं, कळशी बावीच्या कठड्याला टेकवली आणि पूजा केली.

"मिनरल वॉटरची नवरी," कुणीतरी म्हणालं. हसले सगळे.

काकीची सून हसली नाही. "एक वर्ष उपसा केला असता तर काय बिघडलं असतं? मुलीच्या हळदीला ही वेळ," असं ती मोठ्यानं म्हणाली. काकी कळशी पुसत राहिली. मी मांडवाच्या बांबूला धरून उभा होतो.

त्यानंतर लग्नघरची माणसं काकीला बोलवायला यायची बंद झाली. पुढच्या वर्षी तिनं पंप मागवून उपसा केला, गुडघ्यांना पट्टे बांधून उभी राहिली. पाणी परत तसंच. मग ती म्हणायला लागली की देवी रुसली, एक वर्ष मी चुकले.

ते मला ऐकवेना. एका दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी तिला सांगितलं. जोड, माती, अमावास्या, सगळं. ती तांदूळ निवडत होती.

"त्या सायबाला तू पानी खाली हाय बोललास, तवा मी तिथं उभी व्हतू," ती म्हणाली. "सकाली दोरी किती लागली ती मना ठाव व्हती. मना वाटलं, तुमच्या कामातलं काय बोलनं असल."

मी म्हणालो, मी गावाला सांगतो. ठेकेदाराला सांगतो, लाईन खोलायला लावतो.

"काय सांगू नको. नोकरी जाल तुजी, नि गाव तुना दारात उभा करनार न्हाय. मना म्हातारीला कोन काय करतंय? बोलतान, बोलू दे."

मी मान हलवली. लोकांना सांगावं म्हणून मी तिच्याकडे गेलोच नव्हतो, हे तेव्हा मला कळलं. तिनं गप्प राहायला सांगावं म्हणून गेलो होतो. पायऱ्या उतरताना मला हलकं वाटत होतं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या हलकेपणाची. ठेकेदाराकडे मी नंतर एकदा विषय काढून बघितला. तो म्हणाला, पास झालेली लाईन कोण खोलतं, वर काँक्रीट आहे. मी पुढं रेटलं नाही. नोकरी राहिली. काकीकडे जाणं कमी झालं. ती कुणाकडून तरी निरोप पाठवायची, येत का न्हाय तो. मी सणाला जायचो, दारातूनच निघायचो.

गेल्या पावसाळ्यानंतर काकी गेली. दहाव्याचे विधी आटपून आम्ही पुरुषमाणसं ओटीवर चहा घेत बसलो होतो. बावीवर आता लोखंडी जाळी आहे, तिच्यावर कुणाची तरी चादर वाळत होती. एक पाहुणा म्हणाला, बाई चांगली होती, पण बाव तिच्या हातानं गेली. चुलतभाऊ म्हणाला, "मी किती वेला सांगितलं तिला त्या वर्षी. ऐकलं न्हाय." त्यानं ते इतक्या सवयीनं म्हटलं की हे वाक्य त्या घरात किती वेळा बोललं गेलं असेल ते माझ्या लक्षात आलं.

मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. जसं इथं लिहिलंय तसं नाही. तुटक, मागचंपुढचं. लाईन गळते आहे, मला माहीत होतं, साहेबाशी मी खोटं बोललो, उपशाचा काही संबंध नाही. पाहुण्याला नीट समजलंही नसावं. चुलतभावाला समजलं. तो माझ्या अंगावर येईल असं मला वाटत होतं. आला असता तर बरं झालं असतं.

तो बसल्या जागी म्हणाला, "आयेला म्हाईत व्हतं?"

"होतं. मी सांगितलं होतं तिला."

"कवा?"

"बावीचा पुढच्या वर्षीचा उपसा झाला, त्यानंतर."

आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती ती थांबली. त्याची बायको, काकीची सून, दारात येऊन उभी राहिली. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. चुलतभावानं तिच्याकडे बघितलं, मग जाळीकडे.

"नि आमी तिला बोलत ऱ्हायलो," तो म्हणाला.

सून ओटीवर आली, सगळ्यांचे रिकामे कप उचलले आणि आत गेली. माझा कप तिनं तिथंच ठेवला.