जाईला उसाचा डोस

माझा हात ऊसवाल्याचा. वडिलांनी एकच शिकवलं, पीक दिसलं की सोड पाणी आणि टाक युरिया. नोकरी कागलच्या एमआयडीसीत झाली, घर कोल्हापुरात बांधलं, तरी हाताची खोड काही गेली नाही.

बायकोनं गगनबावड्याच्या माहेराहून जाईची फांदी आणून दारात लावली. पुढं तिची आई वारली, भावानं जुनं घर पाडलं, त्यात तिथला वेल मुळासकट गेला. आईच्या हातची जाई उरली ती आमच्या दारातली एवढीच. मी म्हटलं, काळजी सोड, हिला मी वाढवतो.

वाढवली की. रोज पाइप लावून आळं तुडुंब, पंधरा दिवसांनी मूठभर युरिया. वेल गच्चीवर पोचला. पान असं काळंभोर की येणारे-जाणारे थांबून बघायचे, आणि मी मिशीत हसायचो. दोन वर्षं गेली, कळी एक नाही. एका संध्याकाळी बायको दारात उभी राहून म्हणाली, "ह्यात माझी आई कुठं दिसंना. तुमचा ऊसच दिसतोय." लई लागलं मला ते.

शेजारच्या काकूंच्या माहेरी लिंबाची बाग. त्यांना विचारलं, तर फाडकन म्हणाल्या, "एवढे लाड केल्यावर फुलं कशाला येतील? खत बंद करा. थंडीत पाणी तोडा, जरा ताण बसू द्या. मग छाटा."

पाणी तोडायचं? आमच्या घराण्यात असलं पाप कुणी केलेलं नाही. तरी डिसेंबरात पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला. पानं पिवळी पडून गळायला लागली, तसा माझा जीव खालीवर. दोनदा बादली भरून दारापर्यंत नेली आणि स्वतःलाच शिव्या घालत परत आणली. जानेवारीत कमरेइतका वेल ठेवून बाकीचा छाटला. मेला तर बायकोला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

महिन्याभरात खोडावर हिरवे डोळे फुटले. मी मात्र भ्यालो होतो, तांब्यानंच पाणी घालत राहिलो. उन्हाळा सरता सरता कोवळ्या शेंड्यांवर गुलाबी पाठीच्या कळ्या आल्या. बायकोनं ओंजळभर खुडल्या, नाकाशी धरल्या आणि मटकन पायरीवर बसली.

"आईच्या अंबाड्याचा वास हाय ओ हा," म्हणाली.

मग डोळे पुसून ती आत गेली आणि माळ्यावरचा पाइप आणून माझ्या हातात दिला.

"घाला की आता पाणी. पण बेतानं."